बीळु

अकरा वर्षं उभारलोय मी
खानापूर रोडच्या बसमध्ये, तिकिटाचं मशीन गळ्यात.
(आमच्याकडं बायका पण आलो-गेलोच म्हणतात. हसू नका.)
देसूर क्रॉसच्या वळणाला सगळी बस एका अंगाला जाते,
मी जात नाही.

त्या बुधवारी शेवटच्या फेरीला
सुट्ट्या सात रुपयांवरनं एकानं ढकललं मला.
पडलो नाही.
पण घरी भाकरी थापताना
हात परातीत थरथरत राहिला,
पीठ वाळेपर्यंत.

भाचा म्हणाला, अक्का, शीक कायतरी,
फक्त तुला काय बसतंय ते आधी बघ.
जसं काय ब्लाऊजचं माप.

म्हणून चार रविवार हिंडलो.

कॅम्पात डिसोझा सरांचं कराटे.
पांढऱ्या कपड्यातली आठ-आठ वर्षांची पोरं,
आणि त्यांच्या मागं मी, सलवारीला पिना लावून.
पोटातनं ओरडा, म्हणाले सर.
सर, दिवसभर ओरडतोच की मी,
फुडं सरका, मुंदं होग्री, दार सोडा, बागिल बिडरी.
रविवारी तरी घसा माझा असू दे.

कंग्राळीच्या तालमीत वस्ताद मोदगेकर
फुटक्या कानामागं बोट फिरवत ऐकत राहिले.
लाल माती. ताकाचा, हळदीचा वास.
मातीचं काय नाही, म्हणाले, माती सगळ्यांना घेते,
पण तुला जोड कुठली आणू?
जाताना चिमूटभर हातावर ठेवली.
अजून आहे, मशीनच्या पिशवीत, सुट्ट्या पैशांखाली.

येळ्ळूरला गडाच्या पायथ्याशी धाकलूमामा लाठी फिरवतात.
सत्तरी झाली, तरी लाठी दिसत नाही,
नुसता वारा दिसतो.
त्यांनी मला एकच विचारलं,
तुझ्या बसमध्ये छत्री उघडते काय?
नाही.
मग बघ बाई, म्हणाले,
आणि चहा मागवला.

चौथा रविवार. तिसऱ्या गेटाजवळ,
शाळेच्या मागचा हॉल, निळ्या गाद्या, घामट उजेड.
हिरेमठ मॅडमनी नाव विचारायच्या आधी
दोन बोटांनी खांद्याला ढकललं.
मग मागनं. मग बाजूनं.
मी हललो नाही.
मला वाटलं, आता शाबास म्हणतील.
हाच तुझा रोग, म्हणाल्या.

आणि मग तो शब्द, कन्नडमध्ये, हळू:
बीळु.
मला ऐकू आलं, बिडु. सोड.
काय सोडू? हातात काहीच नाही.
मग खाली बघितलं, खाली नव्हतेच हात,
दोन्ही वर होते, डोक्याच्या वर,
मुठी आवळलेल्या,
नसलेल्या दांड्याला धरून.

मॅडम, बिडु म्हणालात, का बीळु?
सोड, का पड?
त्या पहिल्यांदा हसल्या.
एरडू, म्हणाल्या. दोन्ही.

हनुवटी छातीला. पाठ गोल.
गादीला तळहातानं आधी वाजवायचं,
म्हणजे ती तुला वाजवत नाही.
सांगायला सोपं.
अकरा वर्षं गुडघ्यांना एकच शिकवलेलं,
ते ऐकायला तयार नाहीत.
शेजारची आठवीतली पोरगी
पिकल्या चिक्कूसारखी पडत होती, सहज, गालात हसत,
आणि मी पडताना सुद्धा उभारत होतो.

कितव्यांदा कोण जाणे, एकदा
वाजला तळहात.
छताचा पंखा दिसला. फिरत होता.
त्याच्या एका पात्यावर कुणीतरी
खडूनं काहीतरी लिहिलेलं,
वाचता येत नव्हतं.
कितीतरी वेळ तशीच बघत पडलो,
कुणी तिकीट मागितलं नाही.

बसते काय ही विद्या मला?
माहीत नाही.
उभारायला कुणी शिकवू नये, एवढं येतंय मला.
जे येत नाही त्याची फी भरली,
महिना सहाशे, पावती घेतली,
सवयीनं उलटसुलट करून बघितली.

रात्री नवरा म्हणाला, खांदा निळा कसा?
पडलो, म्हटलं.
कुठं?
तिसऱ्या गेटाजवळ.
अगं, कधी?
आज, म्हटलं. सोळा वेळा.